मेअखेर खात्यात ४५६ रुपये राहू द्या

लातूरच्या ट्युशन एरियात विद्यार्थ्यांना डबे पुरवणाऱ्या एका ताईंचं पासबुक परवा माझ्या हातात आलं. घरात दोन लेकरं, धाकटं दीड वर्षाचं. पोरं शहरात असतात तोवर रोजचे चाळीस डबे. मेच्या सुरुवातीला नीटचा पेपर झाला की पोरं गावी जातात, खोल्या ओस पडतात आणि नव्या बॅचा भरेपर्यंत चूल घरापुरतीच पेटते. पासबुकात तीन वर्षं मेअखेरीला ४३६ रुपये वजा झाल्याची ओळ होती. चौथ्या वर्षी नव्हती. खात्यात तेव्हा ३१२ रुपये होते. पैसे कशाचे कापले जात होते हे ताईंना माहीत नव्हतं, आणि कापायचे थांबले हेही नाही.

ती ओळ प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची होती. वर्षाला ४३६ रुपये, आणि माणूस कोणत्याही कारणानं गेला तर वारसाला २ लाख. त्याच्याच जोडीचा सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांचा. अपघातात मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे, आणि हप्ता मेच्या शेवटच्या आठवड्यात आपोआप कापला जातो. मराठवाड्यात हाच आठवडा सगळ्यांत ओढाताणीचा. जवळचा पैसा बी-बियाण्यात गेलेला, वह्या-गणवेश तोंडावर आलेले. लग्नसराईत शिलाई करणारीचा मे चांगला जातो, पण तिचंही पोराच्या फीवाचून कुठं सुटतं? म्हणून सांगतो, एप्रिलमध्येच ४५६ रुपये खात्यात टाका आणि मे संपेपर्यंत त्यांना हात लावू नका. विमा तुटला तर पुन्हा घेता येतो. पण पुन्हा घेतल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून दुसऱ्या कारणानं मृत्यू झाला तर घरच्यांना काही मिळत नाही. लहान लेकरांच्या घरानं ही जोखीम कशाला घ्यायची?

आता म्हातारपणाचं. नोकरदाराचा पीएफ मालक पगारातूनच कापतो. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर कडे-माळा विकणारा, रिक्षावाला, पापड लाटणारी, घरी मशीन चालवणारी, यांचा पगार कापणारं कुणी नाही, म्हणून यांच्या नावानं भरणारंही कुणी नाही. आपल्यालाच भरावं लागतं. त्यासाठी २०१५ पासून अटल पेन्शन योजना आहे. वय १८ ते ४०, बचत खातं आणि आयकर भरत नसणं, एवढीच अट. साठीनंतर महिन्याला १,००० ते ५,००० रुपये, जेवढं ठरवाल तेवढं. आपल्यामागं जोडीदाराला तेवढीच पेन्शन, आणि दोघांच्या पश्चात वारसाला रक्कम. ३,००० ची पेन्शन घेतली असेल तर ५ लाख १० हजार.

बायका मला म्हणतात, "मालकांच्या नावावर आहे की." ताई, नवरा-बायको दोघांनाही वेगवेगळं खातं उघडता येतं. तुमची कमाई डब्यातली असो की शिलाईतली, कुठल्या कागदावर नसो, या योजनेला ते चालतं. तुम्ही फॉर्मवर 'गृहिणी' लिहिलं तरी चालतं. लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये ज्या खात्यात येतात त्यालाच हप्ता जोडा. मात्र त्या पैशावरच विसंबू नका, ते उद्या थांबले तरी हप्ता चालू राहिला पाहिजे.

बाळंतपणाच्या वर्षात गाडी घसरते. काम बंद, खर्च दुप्पट, आणि पहिला बळी आपल्या नावच्या हप्त्याचा. खातं बंद करू नका. वर्षातून एकदा पेन्शनची रक्कम कमी करता येते, म्हणजे हप्ताही उतरतो. हात सुटला की पुन्हा वाढवा. हप्ता राहिलाच तर शंभर रुपयांमागं महिन्याला १ रुपया दंड लागतो, पण खातं वाचतं. महिन्याचं जमत नसेल तर तिमाही किंवा सहामाही हप्ता निवडा. सोयाबीनच्या आणि तुरीच्या पैशावर चालणाऱ्या घराला सहामाहीच सोयीची.

एक गोष्ट लपवत नाही. तीस वर्षांनी ३,००० रुपयांत आजच्याइतकं येणार नाही. नुसत्या याच्या भरवशावर म्हातारपण निघणार नाही. पण औषधाच्या पैशासाठी सुनेपुढं हात पसरायचा नसेल तर त्याचं मोल आहे. चाळिशी ओलांडली असेल तर पोस्टात पीपीएफ उघडा, वर्षाला किमान ५०० रुपये लागतात. चाळिशीच्या आत असाल तर २०१९ ची श्रमयोगी मानधन योजनाही आहे, तिच्यात आपण भरू तेवढंच सरकार भरतं, महिन्याची कमाई १५,००० च्या आत हवी. सेवा केंद्रावर तिची नोंदणी चालू आहे का ते आधी विचारा. आणि कुठलाही फॉर्म भरा, वारसाचं नाव आधारवर आहे तसंच लिहा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत इथंच अडतं.

"एवढे पैसे कुठून आणायचे," असं म्हणण्याआधी आपली भिशी आठवा. ताप असो, पाहुणे असोत, भिशीचा हप्ता आपण चुकवत नाही, कारण गल्लीत तोंड दाखवायचं असतं.

त्या डबेवाल्या ताईंची भिशी महिन्याला ५०० ची आहे. गेल्या सोमवारी त्या बँकेत गेल्या, विमा पुन्हा सुरू केला आणि ३,००० च्या पेन्शनचा फॉर्म भरला. वय ३०, हप्ता ३४७ रुपये. मालकांसाठीही एक फॉर्म मागून घेतला. त्यांचं वय ३५, तेवढ्याच पेन्शनला हप्ता ५४३. "पाच वर्षं आधी कुणी सांगितलं असतं तर," ताई म्हणाल्या, आणि फॉर्म घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवला.