कमवा, पण शिकूही द्या!

आमच्या जोयडा तालुक्यात अलीकडे सत्काराचे एक ठरावीक भाषण तयार झाले आहे. गणेशोत्सवाचा मांडव असो की शाळेचे स्नेहसंमेलन, पाहुणे उभे राहतात, एखाद्या कॉलेजकुमाराकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, “हा पाहा! कॉलेज करतो, रिसॉर्टवर राबतो, घराला हातभार लावतो. कर्मवीर अण्णांचा खरा वारसदार!” टाळ्या पडतात. मुलगा खाली मान घालून शाल घेतो. त्याचे किती विषय राहिलेत, हे कोणी विचारत नाही.

मी जन्मभर मास्तरकी केली, खोड जात नाही. अशाच एका मुलाला मांडवाबाहेर गाठून विचारले. म्हणाला, “गुरुजी, तीन पेपर राहिलेत. पुस्तक उघडलं की डोळेच मिटतात.” शुक्रवारी संध्याकाळी ४ तास, शनिवारी १०, रविवारी १०. आठवड्याचे झाले २४ तास. पाहुणे अपरात्री आले तर उठून खोल्या उघडून द्यायच्या, त्याचा हिशेब नाही. सोमवारी पहिल्या तासाला तो बाकावर असे, तो हजेरीपुरता. पाऊणशे टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेलाच बसता येत नाही ना!

मुलांनी काम करू नये, असे म्हणण्याचा करंटेपणा मी करणार नाही. सुपे गाव धरणाखाली गेले, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली, विस्थापितांनी रामनगरात नव्याने चुली मांडल्या. भोवती व्याघ्र प्रकल्पाचे जंगल. भातशेतीवर वर्ष निघत नाही, आणि जे पिकते त्यात रानडुकरांचा वाटा आधी. अशा घरातला मुलगा चार पैसे मिळवत असेल तर त्याच्या पाठीवर थाप मारलीच पाहिजे. माझे भांडण कामाशी नाही, तासांशी आहे. किती तास, कोणत्या वेळी आणि कोणाच्या सोयीने, या तीन प्रश्नांची उत्तरे न देता जो ‘स्वावलंबन’ हा शब्द उच्चारतो, तो मुलाच्या वर्षांवर आपली हौस भागवतो.

आपल्याकडची अडचण जरा वेगळी आहे. इथले काम पर्यटनाचे. गणेशगुडीचे राफ्टिंग, जंगलातले होमस्टे, नाही तर अनमोड घाट उतरून गोव्यातली हॉटेले. पावसाळा सरला की सीझन सुरू होतो, आणि कॉलेजचा अभ्यासही तेव्हाच रंगात येतो. नाताळात जग सुटीवर येते, म्हणून आमच्या मुलाला सुटी नसते. आंध्रातला, पंजाबातला शेतकऱ्याचा मुलगा सुगीपुरता अडकत असेल. आमचा मुलगा दर शनिवारी अडकतो.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि ती या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. घरात मराठी किंवा कोकणी, प्राथमिक शाळा मराठी, पुढे कन्नड, आणि डिग्रीला कन्नड नाही तर इंग्रजी पुस्तके. धारवाडच्या मुलाला जे पान एका वाचनात कळते, ते आमच्या मुलाला दोनदा वाचावे लागते. यात बुद्धीची उणीव नाही. दोन भाषांचे ओझे वाहणाऱ्याला वेळ जास्त लागतो, इतकेच. म्हणजे ज्याला वेळाची सर्वांत जास्त गरज, त्याचाच वेळ आपण सर्वांत स्वस्त विकतो आहोत.

आता अण्णांविषयी. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते ‘कमवा आणि शिका’ याच तत्त्वावर. त्यांच्या वसतिगृहातली मुले शेतात राबली, त्यांनी स्वयंपाक केला, विहिरी खणल्या. पण भाषण करणारे एक गोष्ट विसरतात. ते काम संस्थेचे होते. कुदळ हाती देणाराच पुस्तकही हाती देत होता. परीक्षा जवळ आली की कुदळ खाली ठेवायला सांगणारा माणूस तिथे होता. आमच्या मुलाचा मालक आणि आमच्या मुलाचे प्राचार्य यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही. अण्णांचे नाव घ्यायचे तर अण्णांची व्यवस्थाही घ्या. नुसते घोषवाक्य उचलणे म्हणजे विहीर न खणता पोहरा टांगणे.

“पण अमका नोकरी करून पहिला आला!” हे उत्तर मला नेहमी मिळते. त्याबाबत अमेरिकेतले एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. केंटकी राज्यातल्या बेरिया कॉलेजात शिकवणीची फी घेत नाहीत. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान १० तास कॉलेजचेच काम करावे लागते. अण्णांच्या कल्पनेचे जणू दूरचे भावंड. तिथल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून स्टाइनब्रिकनर नावाच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००३ साली लेख प्रसिद्ध केला. वरवर पाहता जास्त तास काम करणाऱ्यांचे गुण काही कमी दिसत नव्हते. पण जी मुले मुळातच कष्टाळू, तीच जास्त तास मागून घेतात. हा फरक बाजूला काढल्यावर दिसले की वाढलेले तास गुण खालीच ओढतात. तेव्हा तुमचा तो ‘अमका’ नोकरीमुळे पहिला आलेला नाही. तो नोकरी असूनही आला, आणि नसती तर आणखी वर गेला असता.

आपल्यापैकी कोणाचा भाचा-पुतण्या परदेशी शिकत असेल तर त्याला विचारा. अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॉलेजच्या आवारातसुद्धा आठवड्याला २० तासांहून अधिक काम करता येत नाही. इंग्लंडमध्ये डिग्रीला गेलेल्यालाही तीच मर्यादा. परक्याच्या मुलाची इतकी काळजी ते घेतात. आपल्या मुलाची आपल्याच गावात कोण घेतो?

आपले सरकार काय करते तेही पाहू. कर्नाटकात २०२३ च्या अखेरीस युवानिधी योजनेची नोंदणी सुरू झाली. डिग्री घेऊन सहा महिने नोकरी न मिळालेल्याला महिना ३००० रुपये, जास्तीत जास्त २ वर्षे. चांगली गोष्ट. पण ज्याचे पेपर नोकरीपायी राहिले, त्याच्या हाती डिग्रीच नाही, मग त्याला यातले काय? रिकाम्या पदवीधराला पैसे आहेत. पदवीसाठी राबणाऱ्याला शाल आणि नारळ.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. होमस्टे आणि रिसॉर्टवाल्यांनी, ज्यांत आपलीच माणसेही आहेत, कॉलेजच्या मुलाला आठवड्याला १५ तासांवर ठेवू नये, रात्रपाळी देऊ नये, परीक्षेआधी तीन आठवडे मोकळे करावे, आणि पगार पगार म्हणूनच द्यावा, ‘पाहुणे टिप देतात की’ म्हणून कापू नये. कॉलेजांनी सोमवारी सकाळी इंटर्नल परीक्षा लावू नयेत, आणि ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, बागेत स्वतःची कामे काढून ती गरजू मुलांना मोबदल्याने द्यावीत. आपल्या मंडळांनी शालीच्या खर्चात परीक्षा फी भरावी.

आणि आई-बापांनो, तुम्हीही एक हिशेब मांडा. तीन वर्षांची डिग्री पाच वर्षांत झाली तर पोराने आज आणलेले पैसे पुढच्या दोन वर्षांच्या पगारातून वजा करावे लागतात. डिग्री झालीच नाही तर आयुष्यभर वजा. पोरगा दर रविवारी हातावर नोटा ठेवतो तेव्हा बरे वाटते, मी समजू शकतो. पण त्या नोटा कुठल्या खात्यातून निघतात, ते पाहा.

मांडवाबाहेर भेटलेल्या त्या मुलाला मी शेवटी विचारले, “तुला काय हवं?” मला वाटले, पैसे म्हणेल. तो म्हणाला, “गुरुजी, एक रविवार.”

येत्या वर्षी सत्कार करायचाच असेल तर त्याला तेवढा द्या.