बाद फेरीचे गणित आणि जयपूरचा अनुभव

जयपूर – इंडियन प्रीमियर लीगमध्ये चौदा साखळी सामन्यांची मेहनत कधी एका चेंडूवर, तर कधी एका पावसावर तोलली जाते. सवाई मानसिंह स्टेडियमला घर मानणाऱ्या राजस्थान रॉयल्सने हे दोन्ही अनुभवले आहेत. त्यामुळे साखळीतील क्रमांकाचे मोल नेमके किती असावे, हा प्रश्न या शहराला अनोळखी नाही.

२५ मे २०१४ रोजी वानखेडे स्टेडियमवर राजस्थानने १८९ धावा केल्या. चौथे स्थान मिळवण्यासाठी मुंबईला हे आव्हान १४.३ षटकांत पार करणे आवश्यक होते. त्या क्षणी धावसंख्या नेमकी बरोबरीत आली. आता पुढच्या चेंडूवर चौकार गेला तरी निव्वळ धावगतीत मुंबई सरस ठरणार होती. आदित्य तरेने षटकार खेचला. दोन्ही संघांचे गुण १४ असूनही राजस्थान स्पर्धेबाहेर गेले.

निव्वळ धावगती म्हणजे संपूर्ण साखळीत प्रतिषटक केलेल्या धावांतून प्रतिषटक दिलेल्या धावा वजा करून येणारा आकडा. समान गुणांचा तिढा तो सोडवतो. मात्र त्याचा निकाल अनेकदा शेवटच्या सामन्यातच लागतो.

दुसऱ्या संधीची किंमत

२००८ ते २०१० या काळात पहिले चार संघ थेट उपांत्य सामने खेळत. पहिल्या वर्षी अव्वल राजस्थानच विजेते ठरले. परंतु २००९ मध्ये चौथ्या क्रमांकाच्या डेक्कन चार्जर्सने आणि २०१० मध्ये तिसऱ्या क्रमांकाच्या चेन्नईने बाजी मारली. २०११ पासून पद्धत बदलली. पहिल्या दोन संघांतील विजेता अंतिम फेरीत जातो, तर पराभूत संघाला आणखी एक संधी मिळते. तिसऱ्या आणि चौथ्या संघाला मात्र एकही पराभव परवडत नाही.

२०२२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावरील राजस्थान गुजरातकडून हरले, तरी बंगळुरूला नमवून अंतिम फेरीत पोहोचले. २०२४ मध्ये चित्र उलटले. गुवाहाटीतील अखेरचा साखळी सामना पावसामुळे वाया गेला. हैदराबाद आणि राजस्थान दोघांचेही १७ गुण झाले. धावगतीवर हैदराबाद दुसरे ठरले. पुढे कोलकात्याकडून हरूनही त्यांना दुसरी संधी मिळाली आणि तिचा लाभ घेत त्यांनी राजस्थानलाच बाहेर काढले.

२०११ ते २०२५ या १५ हंगामांत नऊ वेळा दुसऱ्या क्रमांकाचा आणि पाच वेळा पहिल्या क्रमांकाचा संघ विजेता ठरला. त्याखालून विजेतेपद मिळवणारा एकच : २०१६ मधील सनरायझर्स हैदराबाद. म्हणजेच खरी सीमारेषा दुसऱ्या आणि तिसऱ्या स्थानांमध्ये आहे. अव्वल संघाला दुसऱ्यापेक्षा अधिक असे काहीच मिळत नाही. सामन्यांची स्थळेही क्रमांकावर ठरत नाहीत.

जपानचा निराळा मार्ग

जपानच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये नेमका याच मुद्द्याचा विचार झाला आहे. तेथे सहा-सहा संघांच्या दोन लीग आहेत. २००७ पासून दोन्हींतील पहिले तीन संघ ‘क्लायमॅक्स सिरीज’ खेळू लागले. २०२४ च्या नियमांनुसार दुसरा आणि तिसरा संघ आधी परस्परांशी तीन सामन्यांची मालिका खेळले. त्यातील विजेत्याची गाठ अव्वल संघाशी पडली. अव्वल संघाच्या खात्यात मात्र एक विजय आधीच जमा होता आणि सर्व सामने त्याच्याच मैदानावर झाले.

तरीही त्या वर्षी ७१ विजय आणि ६९ पराभव अशा साधारण कामगिरीनिशी तिसऱ्या आलेल्या योकोहामा बेस्टार्सनी योमिउरी जायंट्सना मागे टाकले आणि पुढे साखळीत ९१ विजय मिळवणाऱ्या सॉफ्टबँकला ४-२ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. त्यामुळे साखळीला अर्थ काय, ही चर्चा तेथेही झडते.

कोणतीही पद्धत निर्दोष नाही, हाच याचा अर्थ. मात्र अव्वल स्थानाचे मोल वाढवायचे, तर बाद फेरीचा पहिला सामना त्या संघाच्या घरी खेळवणे हा सोपा उपाय ठरू शकेल. त्याने रोमांच कमी होणार नाही आणि दोन महिन्यांच्या कष्टांनाही न्याय मिळेल.