भट्टी एकीची, कसब साऱ्यांचे!

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा हे जंगलाच्या कुशीतले तालुक्याचे गाव. अशा गावांतूनही आता घरच्या घरी केक, नानखटाई, बिस्किटे करून विकणाऱ्या भगिनी उभ्या राहू लागल्या आहेत. कोणाकडे छोटा ओव्हन आहे, तर कोणी कुकरच्या तळाशी मीठ पसरून त्यावर केकचे भांडे ठेवते. नोकरभरतीची वाट पाहून डोळे शिणलेल्या आमच्या सुशिक्षित मुलींना हा आधार मामुली नाही. परंतु हा धंदा दहा-वीस घरांपर्यंत जातो आणि तेथेच अडतो. ओळखीची गिऱ्हाइके संपतात, बाजारात दुकान घ्यायला भांडवल नसते. पुढे काय?

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. जिला धंदा वाढवायचा आहे तिने वस्तीत वर्ग घ्यावा. आपले कसब शिकवावे. विहारात शिकवावे, फी घेऊन शिकवावे आणि सर्व जाती-जमातींच्या बायांना शिकवावे.

हे म्हटले की पहिला प्रश्न येतो. धानोऱ्याकडच्या एका भगिनीने तो आम्हालाच विचारला, "साहेब, सगळ्यांना शिकवलं तर माझ्याकडून घेणार कोण?" प्रश्न रास्त आहे, कारण तिची चूल त्यावर चालते. म्हणून त्याचे उत्तर भाषणाने न देता हिशेबाने दिले पाहिजे.

समजा, दहा बायांचा वर्ग भरला. या दहांपैकी किती जणी पुढे रोज भट्टी लावतील? एखाद-दुसरी. बाकीच्यांना शेत आहे, मजुरी आहे, पोरेबाळे आहेत. परंतु केकला किती अंडी लागतात, लोणी काय भावाने येते, एक घाण जळाला तर किती नुकसान होते, हे त्या दहाही जणींना कळते. ज्या बाईला कष्टाची किंमत कळली ती पुन्हा शंभर रुपयांसाठी घासाघीस करत नाही. उलट, "हिच्याच हातचा घ्या," असे चार घरी सांगते. आणि जी एखाद-दुसरी खरोखर तरबेज होते, ती मोठ्या ऑर्डरच्या दिवशी जोडीदार होते. एकटीला पन्नास किलोची ऑर्डर घेता येत नाही, पाच जणींना घेता येते. मैदा, साखर, लोणी पोत्याने आणि पेटीने आणले तर पाचही जणींना स्वस्त पडते.

हे मनचे मांडे नाहीत. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्या सात जणींनी पापडाचे गुपित पदराखाली झाकून ठेवले असते, तर आज लिज्जतचे नाव कोणाला ठाऊक असते? येणाऱ्या प्रत्येक बाईला त्यांनी शिकवले. पीठ एके ठिकाणी मळायचे आणि लाटायला घरी न्यायचे, अशी पद्धत बसवली. त्यामुळे चव एक राहिली आणि हात वाढत गेले.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आमच्या भगिनीची अडचण फक्त भांडवलाची आहे काय? नाही! या देशात अन्नाला जात चिकटलेली आहे. २०१७ साली पुण्यात हवामान खात्यातील एका उच्चपदस्थ शास्त्रज्ञ बाईंनी, सोवळ्याचा स्वयंपाक करणाऱ्या बाईने जात लपवली म्हणून पोलिसांत तक्रार दिली होती. टीका झाल्यावर ती मागे घेतली गेली, हा भाग वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशात शाळेतील मध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींना प्राधान्य द्यावे असे सांगितले. तरीही २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दलित बाईने शिजवलेले अन्न सवर्ण मुलांनी नाकारले आणि त्या बाईलाच कामावरून काढण्यात आले. गदारोळ झाल्यावर तिला पुन्हा घेतले. बाबासाहेबांनी 'जातिसंहार' या ग्रंथात जयपूर संस्थानातील चकवारा गावची १९३६ सालची हकिकत नोंदवली आहे. तेथे अस्पृश्यांनी आपल्याच जेवणात तूप वाढले म्हणून सवर्णांनी हल्ला केला होता. चकवारा ते चंपावत, ८५ वर्षे झाली!

भट्टीच्या पदार्थांचा तर आपल्या महाराष्ट्रात वेगळाच इतिहास आहे. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत दाखल होणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. जात मोडल्याची ती खूण होती. पण हे सारे गुप्तपणे चालले. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि सभा मोडली. पुढे १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली, तर त्यावरून प्रायश्चित्ताचा केवढा वाद पेटला! ज्या समाजात एका बिस्किटाने धर्म बुडत होता, त्याच समाजात आज आमची भगिनी बिस्किटे विकायला निघाली आहे.

कायदा तिच्या बाजूने आहे. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन अनुसूचित जाती-जमातींवर सामाजिक वा आर्थिक बहिष्कार टाकणे हा गुन्हा ठरला. बौद्धांनाही हे संरक्षण आहे, कारण १९९० पासून अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांची अनुसूचित जातीची ओळख कायम आहे. परंतु वकील या नात्याने आम्हाला हेही सांगितले पाहिजे की, बहिष्कार घालणाऱ्याला कोर्टात खेचता येते, पण "मला केक नको" म्हणणाऱ्याला केक घ्यायला लावता येत नाही. जेथे कायद्याचा हात पोचत नाही तेथे वर्ग पोचतो. ज्या बाईने आपल्या भगिनीशेजारी बसून एकाच परातीत मैदा कालवला आणि भट्टीतून निघालेला पहिला तुकडा तेथेच खाल्ला, तिच्या मनातला विटाळ टिकणे कठीण आहे. परमहंस सभेने जे बंद खोलीत केले ते उघड्या दारात होऊ द्या. म्हणून आमचा आग्रह आहे की वर्ग फक्त आपल्याच वस्तीचा नको. त्यात गोंड भगिनी हव्यात, ओबीसी भगिनी हव्यात, येतील त्या सगळ्या हव्यात.

दुसरा आग्रह फीचा. "आपलीच माणसे आहेत, फुकट शिकव," असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. फुकट राबवून घेणे म्हणजे काय, हे महार वतनाने आमच्या पूर्वजांना पुरेपूर शिकवले आहे. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणले. आमच्याच भगिनीकडून आम्हीच वेठ घ्यायची काय? दहा जणींनी दोनशे रुपये दिले तर दोन हजार होतात. सामानाला हजार गेले तरी हजार उरतात. त्यातून ओव्हनचा हप्ता जातो. जिची ऐपत नाही तिने भांडी घासून, सामान आणून फी फेडावी, पण कसबाला मोल आहे हे सर्वांना कळू द्यावे.

काय शिकवावे, याचाही विचार हवा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यात क्रीमचा केक टिकत नाही, आणि लाइट गेली की फ्रिज असून नसल्यासारखा. तेव्हा शहराची नक्कल कशाला? नानखटाई, कोदो-कुटकीच्या पिठाची बिस्किटे, मोहफुलांचे पदार्थ हे आपल्या मुलखाचे धन आहे. मोहफुलांच्या संकलनावरचे, वाहतुकीवरचे निर्बंध राज्य सरकारने २०२१ साली शिथिल केले. जे फूल व्यापारी कवडीमोलाने उचलत होता, त्याचे मोल बायांच्या हाताने वाढू शकते.

वर्गात पहिल्याच दिवशी कायदाही शिकवावा. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा. त्याच्या कलम ३१ प्रमाणे लहान उत्पादकाला मोठा परवाना लागत नाही, पण नोंदणी लागते, घरातून विकले तरी लागते. पाकिटावर अंड्याच्या पदार्थाला तपकिरी आणि बिनअंड्याच्या पदार्थाला हिरवे चिन्ह प्रामाणिकपणे लावावे. कागद पक्का असला की कोणी उगाच घाबरवू शकत नाही.

ज्ञान वाटल्याने माणसे बळकट होतात, याचा दाखला धानोऱ्याजवळच आहे. मेंढा-लेखाच्या गोंड बांधवांनी अभ्यास मंडळात बसून कायदे समजून घेतले, २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ साली आपला बांबू आपण विकण्याचा अधिकार हाती घेतला. एकट्या पुढाऱ्याला कायदा कळून हे झाले नसते.

दुसरा दाखला दूरचा आहे, पण आपल्याच रक्ताच्या नात्याचा वाटावा असा. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात १९५५-५६ साली कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. जॉर्जिया गिलमोर ही स्वयंपाकी बाई मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खटल्यात साक्ष देऊन आली आणि तिची नोकरी गेली. किंग यांनी तिला घरूनच अन्न करून विकण्याचा सल्ला दिला. तिने इतर बायांना जोडून घेतले होते. त्या घरोघरी केक आणि पाय भाजत, विकत आणि पैसा आंदोलनाला देत. कोणाची नोकरी जाऊ नये म्हणून पैसा कोठून आला हे सांगायचे नाही. म्हणून त्या मंडळाचे नावच होते 'कोठूनही न आलेल्यांचा क्लब'!

आता आपल्याकडे पाहा. १४ एप्रिलला गावोगावी केक कापले जातात. ते कोठून येतात? शहरातल्या बड्या बेकरीतून. वर्गणी समाजाची आणि नफा दुसऱ्याचा! जयंती मंडळांना आमचे सांगणे आहे की पुढील जयंतीचा केक आणि नानखटाई गावातल्या बायांच्या गटाकडूनच, ठरलेल्या भावाने आणि आगाऊ रक्कम देऊन घ्या. विहार समित्यांनी आठवड्यातील एक दुपार या वर्गासाठी विहाराचे दार उघडावे. आमच्या वकील बांधवांनी नोंदणीचे अर्ज विनामूल्य भरून द्यावेत. आणि त्या भगिनीने पहिला वर्ग लावावा. तिचे गिऱ्हाईक कमी होणार नाही, आणि तिच्या पाठीशी दहा जणी उभ्या राहतील.