दोन दोऱ्यांची रस्सीखेच

काय दोस्तांनो, मशीनवर भरतकाम करून पाहिलंय कधी? वरून फूल झकास दिसतं, पण कापड उलटं केलं की खाली दोऱ्यांचं जंजाळ! नाहीतर लाल पाकळीच्या कडेनं खालचा पांढरा दोरा डोकावतो. मग कुणीतरी शहाणा सांगतो, "बॉबीनकेसचा स्क्रू पिळ!" थांबा. आधी माझी फजिती ऐका.

मी सातवीत होते. आई ब्लाऊज शिवून द्यायची. दिवाळी चार दिवसांवर आलेली. ती बाजारात गेल्यावर मी रुमालावर नाव भरायला बसले. टाके बिघडले म्हणून स्क्रू पिळला, आणखी पिळला, मग उलटा फिरवला. शेवटी तो टुणकन उडाला आणि फरशीच्या फटीत गडप! त्या रात्री आई शेजारच्या काकूंकडे बारा वाजेपर्यंत शिवत बसली. मला एका शब्दानं बोलली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मशीनवाल्या काकांनी नवा स्क्रू बसवला आणि मला समोर बसवून सगळं समजावलं. तेच आज तुम्हाला सांगते.

अमेरिकेच्या एलियस हाऊ यांनी १८४६ साली ज्या मशीनचं पेटंट घेतलं, त्यात दोन दोऱ्यांचा टाका होता. आपलं मशीनही तसंच चालतं. वरचा दोरा सुईतून येतो, खालचा बॉबीनमधून, आणि दोघे एकमेकांत अडकतात. म्हणजे रस्सीखेचच! साध्या शिवणीत सामना बरोबरीत सुटायला हवा. भरतकामात मात्र खालचा दोरा किंचित जिंकायला हवा, म्हणजे वरून त्याचा मागमूस दिसत नाही.

खाली जंजाळ झालं, तर दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. फूट वर उचलून तो पुन्हा ओवा, म्हणजे टेन्शनच्या चकत्यांत नीट बसेल. रिंग लावताना फूट काढला असला, तरी शिवताना त्याचा दांडा खाली पाडायचाच. तो वर राहिला की वरच्या दोऱ्याला ताणच नसतो!

आता बॉबीनकेस बाहेर काढा. (विजेचं मशीन असेल तर आधी बटण बंद!) तिच्या पट्टीखाली धाग्यांचा भुसा अडकतो. जाड कागदाचा कोपरा हळूच फिरवून तो काढा. दोरा खाचेतून पट्टीखाली आलाय ना, तेही पाहा.

मग बॉबीन घातलेली केस दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवा. आपोआप सरसर खाली गेली, तर ताण सैल. हिसका दिला तरी हलली नाही, तर घट्ट. हलक्या हिसक्यानं थोडीशी उतरून थांबली, तर झकास!

तरीही जमलं नाही, तरच स्क्रू. पट्टीवर दोन असतील तर बहुतेक वेळा मोठा स्क्रू ताणाचा असतो. दुसरा पट्टी धरून ठेवतो, त्याला हात लावू नका. खाली ताट घ्या. स्क्रूची खाच कुठे आहे ते वहीत काढून ठेवा. घड्याळाच्या काट्यांसारखा फिरवला की घट्ट, उलटा की सैल. एका वेळी पाव फेऱ्याहूनही कमी, आणि प्रत्येक वेळी चिंधीवर परीक्षा.

परीक्षा अशी: वर लाल, खाली पांढरा दोरा घ्या. एक जाडशी पट्टी भरा आणि कापड उलटं करा. मधला एक-तृतीयांश भाग पांढरा आणि दोन्ही कडांना लाल दिसला, की पास! सगळं लालच दिसलं, तर वरचा दोरा सैल. वरच्या बाजूला पांढरं डोकावलं, तर वरचा घट्ट किंवा खालचा सैल. पण दोन्ही ताण एकदम बदलू नका, नाहीतर चूक कुठली ते कळणारच नाही.

तो रुमाल मी पुन्हा भरला आणि आईला दिला. तिनं आधी उलटा करून पाहिला, मग हसली.

आणि हो, मशीनवर घरातल्या कुणाचं काम अडलेलं असेल, तर आधी विचारा बरं का!