आग कशाने लागली, एवढेच विचारून भागणार नाही

12 सप्टेंबर 2022 च्या रात्री सिकंदराबादच्या पासपोर्ट कार्यालयाजवळील रुबी हॉटेलात आठ माणसांचा जीव गेला. खाली विजेवर चालणाऱ्या स्कूटरींचे दुकान होते. आग तिथे लागली आणि धूर जिन्याने वर चढला. जीव वाचवायला काहींनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. त्याच वर्षी 23 मार्चला भोईगुड्याच्या भंगार गोदामात बिहारचे 11 मजूर मेले होते. 19 जानेवारी 2023 ला मिनिस्टर रोडवरच्या जळत्या इमारतीत अडकलेले तीन कामगार परतलेच नाहीत, आणि 16 मार्चला स्वप्नलोक संकुलात सहा तरुण-तरुणी धुराने गुदमरले. वर्षही भरले नव्हते आणि एकट्या सिकंदराबादेत 28 माणसे गेली होती.

हे आपल्यापासून दूरचे नाही. नांदेड-परभणीकडची माणसे उपचाराला, व्यापाराला, मुलांच्या परीक्षांना सिकंदराबादला येतात आणि स्टेशनजवळच्या लॉजमध्ये उतरतात. खोली घेताना ती भाडे विचारतात, गरम पाणी येते का ते विचारतात. तळघरात काय साठवले आहे, हे त्यांनी विचारावे तरी कोणाला? ते ठाऊक असते जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याला. म्हणूनच येणाऱ्याच्या जीविताची जबाबदारी भोगवटादाराची आहे, असे माझे ठाम म्हणणे आहे.

यावर पहिला बचाव ठरलेला असतो: शॉर्टसर्किट झाले, बॅटरी फुटली, यात मालकाचा काय दोष? इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र केले जातात. आग कशाने लागली हा एक, आणि माणसे बाहेर का पडू शकली नाहीत हा दुसरा. ठिणगी मालकाच्या हातात नसेलही. पण जिना मोकळा ठेवणे, दुसरी वाट असणे, धोक्याची घंटा चालू असणे, रात्रपाळीच्या नोकराला पाहुण्यांना कुठून बाहेर काढायचे ते माहीत असणे, हे सगळे त्याच्याच हातात असते. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे मेली, तेव्हा नगरपालिकेनेही दोष वरून दिसत नव्हता अशीच सबब सांगितली होती. 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. मनोरा सुमारे 80 वर्षांचा होता आणि त्यातल्या चुन्याचे आयुष्य 40-45 वर्षांचे. नीट तपासणी न करणाऱ्याला दोष दिसला नाही असे म्हणता येत नाही.

दुसरा बचाव परवान्याचा. ना हरकत प्रमाणपत्र भिंतीवर आहे, मग आम्ही मोकळे! दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी 59 प्रेक्षक मेले. बाल्कनीतली उजवीकडची वाट खासगी बॉक्सने बंद झाली होती आणि जादा आसनांना अधिकाऱ्यांची परवानगी होती. तरीही परवाने हा बचाव होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बजावले. परवाना देणारा वर्षातून एकदा येतो, तोही आला तर. भोगवटादार तिथे रोज असतो. अधिकाऱ्यांनी जाब देऊ नये असे मात्र मी मुळीच म्हणत नाही. 2011 च्या भरपाईच्या निकालात त्याच न्यायालयाने महापालिकेला आणि परवाना देणाऱ्या पोलिसांना दायित्वातून सोडले, आणि उच्च न्यायालयाने ठरवलेली अडीच कोटींची दंडात्मक भरपाई 25 लाखांवर आणली. हे दोन्ही मला चुकीचे वाटते. पण अधिकारी चुकला म्हणून मालकाचे कर्तव्य तसूभरही कमी होत नाही.

‘स्वतःच्या जबाबदारीवर’ ही पाटीही टिकणारी नाही. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलातून पाहुण्याची मोटार चोरीला गेली. त्या खटल्यात 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पावतीवर असे छापून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येणार नाही. मोटारीला जे लागू, ते माणसाच्या जिवाला लागू नसावे काय?

खरा वजनदार आक्षेप लहान लॉजवाल्याचा आहे. वीस खोल्यांच्या धंद्यावर एवढे दायित्व टाकले तर तो बुडेल, असे म्हणतात. त्याची अडचण मला खरी वाटते. परंतु कायदा हमी मागत नाही, वाजवी काळजी मागतो. पाहुणाच निष्काळजी असेल तर भरपाई त्या प्रमाणात घटते. आणि उरलेली जोखीम वाटून घ्यायला विमा आहे. मोटारीला तृतीयपक्ष विमा सक्तीचा आहे, म्हणून रिक्षावाले बुडाले नाहीत.

आज मृताच्या वारसाला काय मिळते? सरकारी सानुग्रह मदत. रुबीच्या वेळी केंद्राने दोन आणि राज्याने तीन लाख जाहीर केले. ती दया आहे, हक्क नव्हे, आणि दोषी माणसाच्या खिशातून ती जातही नाही. हक्क हवा असेल तर 1855 चा प्राणांतिक अपघात कायदा आहे: दोन वर्षांत दिवाणी दावा लावा, रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरा आणि वाट पाहत बसा. तोच माणूस रस्त्यावर बसखाली गेला असता तर त्याच्या घरच्यांना मोटार अपघात न्यायाधिकरण मिळाले असते. इंग्लंडने भोगवटादाराच्या दायित्वाचा कायदा 1957 मध्येच केला. आपल्याकडे भोपाळनंतर 1991 मध्ये सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा आला, पण तो घातक पदार्थ हाताळणाऱ्यांपुरता.

तेव्हा मागणी सरळ आहे. लॉज, मंगल कार्यालय, कोचिंग क्लास, मॉल, गोदाम, जिथे लोक येतात किंवा राबतात, तिथल्या भोगवटादाराचे दायित्व लेखी कायद्यात यावे आणि दाव्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात न्यायाधिकरण असावे. एका इमारतीत दुकान एकाचे आणि हॉटेल दुसऱ्याचे असेल, तर वारसाने कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम घ्यावी. वाटणी त्यांनी आपसांत करावी. हा कायदा होईपर्यंत हैदराबाद महापालिकेने व्यापार परवान्याच्या नूतनीकरणाला विमापत्राची अट घालावी. विमा कंपनी हप्ता ठरवण्यापूर्वी आपला माणूस पाठवते, आणि त्याने तळघराचे कुलूप उघडायला लावले पाहिजे.