आधी रात्रीबद्दल विचारा

एडीएचडीची शंका असलेल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आईवडील डॉक्टरांकडे जातात, तेव्हा बोलणे सगळे दिवसाचे होते. वर्गात जागेवर बसत नाही, वही अर्धीच सोडतो, शेजारच्याला ढकलतो, हाक मारली तरी लक्ष नसते. अवधान न टिकणे, अंगात सतत भिंगरी असणे, विचार करण्याआधीच हात पुढे जाणे ही एडीएचडीची लक्षणे उजेडात दिसणारी आहेत. रात्रीचा विषय निघालाच तर उठता उठता निघतो: ‘आणि हो, लवकर झोपतही नाही, मध्येच उठून बसतो.’ त्यावर ‘होईल हळूहळू’ एवढे उत्तर मिळते आणि फाइल मिटते. दाराशी पोहोचल्यावर आठवलेले हे वाक्य खरे तर पहिले असायला हवे. लहान मुलाच्या एडीएचडीत उपचारांची सुरुवात झोपेपासून व्हावी, आणि ती झोप मुलाला रागावून नव्हे, घराची संध्याकाळ बदलून मिळवावी, असे माझे ठाम मत आहे.

या मताला आधार आहे. ऑस्ट्रेलियात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत एडीएचडी असलेल्या दोनशेहून अधिक मुलांच्या पालकांना झोपेविषयी विचारले गेले. जवळजवळ तीन चतुर्थांश घरांत तक्रार होती, आणि सुमारे ४५ टक्के घरांत ती मध्यम ते तीव्र स्वरूपाची होती. याच देशात हॅरिएट हिस्कॉक आणि सहकाऱ्यांनी पुढे पाच ते बारा वर्षांच्या २४४ मुलांवर एक चाचणी केली, ती २०१५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. त्यातली बहुतेक मुले एडीएचडीच्या औषधावरच होती. निम्म्या कुटुंबांना झोपेबद्दल पंधरा दिवसांच्या अंतराने दोन भेटींत मार्गदर्शन मिळाले आणि नंतर एक फोन झाला. एवढ्याने झोप तर सुधारलीच, पण तीन आणि सहा महिन्यांनी एडीएचडीची लक्षणेही कमी झालेली दिसली, आणि त्या सुधारणेतला एक तृतीयांश ते निम्मा वाटा सुधारलेल्या झोपेचा होता. आईवडिलांना आशेने तसे वाटले असेल, ही शंका रास्त आहे. पण शिक्षकांनीही वागणुकीत फरक नोंदवला आणि सहा महिन्यांनी स्मरणशक्तीच्या चाचणीतही ही मुले पुढे होती. एडीएचडी नसलेल्या मुलांबद्दलचा पुरावाही याच दिशेचा आहे. माँट्रियलमध्ये रेउत ग्रुबर यांनी सात ते अकरा वर्षांच्या ३४ निरोगी मुलांपैकी काहींची झोप काही रात्री वाढवली, काहींची घटवली. सरासरी २७ मिनिटे जास्त झोपलेली मुले वर्गात शांत झाली, ५४ मिनिटे कमी झोपलेली चिडखोर आणि उतावळी झाली, आणि कोण किती झोपले हे ठाऊक नसलेल्या शिक्षकांनी ते टिपले. मोठ्या माणसाची झोप अपुरी झाली की तो पेंगतो, लहान मूल मात्र उधळते. ज्याला आपण एडीएचडीची तीव्रता समजतो, त्यातला काही भाग न झोपलेल्या मुलाचा असू शकतो.

मग हे मूल झोपत का नाही? ‘हट्टी आहे’ हे आपल्याकडचे ठरलेले उत्तर आहे, आणि ते बहुतेक वेळा चुकीचे आहे. झोप दोन गोष्टींवर ठरते. दिवसभराच्या जागरणाने साचलेली झोपेची ओढ ही एक, आणि शरीरातले घड्याळ ही दुसरी. अंधार पडू लागला की मेंदूत मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि घड्याळ रात्रीकडे वळते. नेदरलँड्समध्ये २००५ साली झालेल्या अभ्यासात असे आढळले की वेळेवर झोप न लागणाऱ्या एडीएचडीच्या मुलांमध्ये हे मेलॅटोनिन, झोपेची तक्रार नसलेल्या एडीएचडीच्याच मुलांपेक्षा सुमारे पाऊण तास उशिरा स्रवू लागते. म्हणजे आठ वाजता अंथरुणावर आडवे केलेले मूल तेव्हा शरीराने अजून संध्याकाळीच असते. त्यात आणखी एक मेख आहे. नेहमीच्या झोपेच्या आधीचे काही तास हा मेंदूच्या तरतरीचा काळ असतो, हे पेरेत्झ लावी यांनी १९८६ मध्येच दाखवले होते. साडेदहाला झोपणाऱ्या मुलाला एकदम नऊला झोपवायला गेले की आपण नेमके त्या तरतरीच्या काळात त्याच्याशी भांडायला बसतो. पाणी हवे, शू लागली, गोष्ट सांग, पाय दुखतात असे करत दीड तास जातो, शेवटी कोणीतरी ओरडते, मूल रडत झोपते, आणि अंथरूण म्हणजे भांडणाची जागा हे त्याच्या मनात पक्के होते.

यावर उपाय वरवर पाहता उलटा वाटतो. मुलाला खरोखर झोप लागते ती वेळ आठवडाभर लिहून ठेवायची आणि सुरुवातीला त्याच वेळेला झोपवायचे, मग ती साडेदहा का असेना. सकाळी उठण्याची वेळ मात्र पक्की, रविवारीसुद्धा. आडवे झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत झोप लागायला लागली की दर दोन-तीन दिवसांनी वेळ पंधरा मिनिटे अलीकडे ओढायची. सोबत संध्याकाळचा उजेड कमी करायचा, आणि याचे महत्त्व आपल्याला पुरेसे उमगलेले नाही. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये मोनिक लबुर्ज्वा यांच्या गटाने तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपेआधी तासभर प्रखर प्रकाशात खेळवले, तर त्यांचे मेलॅटोनिन जवळजवळ ९० टक्क्यांनी घटले आणि दिवा मालवल्यावर पाऊण तासानंतरही बहुतेकांत पुरेसे वर आले नाही. पुढे २०२२ मध्ये याच गटाला ५ ते ४० लक्स एवढ्या मंद उजेडातही सरासरी ७८ टक्के घट दिसली. आपल्या घरांत संध्याकाळ कशी असते ते यापुढे ठेवून पाहा. साडेनऊपर्यंत जेवण, हॉलमध्ये पांढरीफेक ट्यूब, टीव्हीवर एकामागून एक मालिका, आणि घास भरवताना समोर मोबाइल. ‘खेळवून दमवा, म्हणजे झोपेल’ हा सल्लाही वेळ पाहून द्यावा. अंगमेहनतीचा खेळ दुपारी आणि संध्याकाळी सूर्य असताना हवाच. रात्री नऊला बाबा घरी आल्यावर सुरू होणारी कुस्ती मात्र मुलाला दमवत नाही, चेतवते.

रात्रभर सलग झोप हा याच्या पुढचा भाग. सलग झोप असे खरे तर काही नसतेच. आपण सगळेच रात्रीतून अनेकदा किंचित जागे होतो, कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो, म्हणून ते आठवत नाही. झोप लागताना मुलाभोवती जे होते ते या जागेपणी तसेच सापडले, तर तेही पुन्हा झोपते. आईच्या हाताने थोपटत किंवा मोबाइलवर गाणे ऐकत झोपलेल्या मुलाला रात्री दोनला तो हात, ते गाणे सापडत नाही, आणि ते पूर्ण जागे होते. यावर परदेशी पुस्तके मुलाला वेगळ्या खोलीत झोपवायला सांगतात. आपल्याला त्याची गरज नाही. एका खोलीत ओळीने अंथरुणे घालून झोपणाऱ्या घरातही हे जमते, कारण मुद्दा खोलीचा नाही, शेवटच्या पाच मिनिटांचा आहे. आईने शेजारी असावे, पण थोपटणे मूल पेंगुळल्यावर थांबवावे, झोप लागल्यावर नव्हे. काही दिवसांनी हात बाजूला, मग हातभर अंतर. मध्यरात्री उठले तर दिवा नाही, गप्पा नाहीत, रागही नाही. तेच एक ठरलेले वाक्य हळू आवाजात. एडीएचडीच्या मुलाला ‘झोप आता’ ही आज्ञा उपयोगी पडत नाही, कारण स्वतःला आवरण्याची ताकद त्याच्यात मुळातच कमी, आणि रात्री ती सगळ्यात थकलेली असते. त्याला रोजचा तोच क्रम हवा: दात घासणे, शू, पांघरूण, एक गोष्ट, दिवा बंद. क्रम भिंतीवर चित्रांनी लावला तर अधिक चांगले, म्हणजे हुकूम आईचा राहत नाही, चित्राचा होतो.

हे सगळे करूनही मूल नीट झोपत नसेल, तर शरीरात कारण शोधावे लागते, आणि इथे पालकांनी तज्ज्ञांकडे हट्ट धरायला हवा. रोज घोरणाऱ्या, तोंड उघडे टाकून श्वास घेणाऱ्या मुलाचे टॉन्सिल आणि अॅडिनॉइड तपासलेच पाहिजेत. मिशिगनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेआधी २२ मुलांना एडीएचडीचे निदान होते. शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने त्यातल्या ११ मुलांना ते निदान लागू होत नव्हते. दुसरे कारण लोहाचे. शरीरातला लोहाचा साठा उणावला की रात्री पाय अस्वस्थ होऊ शकतात. मूल पाय झाडते, घासते, ‘पायात मुंग्या’ म्हणते, आणि घरचे त्याला झोप टाळायचे निमित्त समजतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ५३.८ टक्के होते. ज्या राज्यात हे आकडे आहेत, तिथे न झोपणाऱ्या चंचल मुलाची फेरिटिनची, म्हणजे लोहाच्या साठ्याची, तपासणी व्हायलाच हवी. लोहाचे औषध मात्र तपासणीनंतर आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, मनाने नाही.

एडीएचडी हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे, झोपेने तो कसा जाईल, असे कोणी म्हणेल. जाणार नाही, हे खरेच आहे. झोप हा एडीएचडीवरचा पर्याय नाही आणि ज्याला औषधाची गरज आहे त्याचे औषध झोपेच्या नावाखाली टाळणे चूक ठरेल. अमेरिकेत ४६४ मुलांवर झालेल्या टॉन्सिल-शस्त्रक्रियेच्या मोठ्या चाचणीत वागणूक सुधारली, पण अवधानाच्या चाचण्यांत फारसा फरक पडला नाही, हेही सांगायला हवे. पण चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अमेरिकन बालरोग अकादमीची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वेही गोळीआधी पालकांच्या प्रशिक्षणाला पहिले स्थान देतात आणि झोपेचे विकार तपासायला सांगतात. औषध चालू असेल तरी ते कितीला दिले जाते, त्याचा प्रभाव संध्याकाळी कितीला ओसरतो, हे कळल्याशिवाय मात्रा ठरवणे अर्धवटच राहते. मुलाची रात्र नीट झाली की उरलेल्या चंचलतेचा खरा आकार दिसतो, आणि मग औषधाचा निर्णय अधिक नेमका होतो.

खरी भीती वेगळ्या औषधांची आहे. सर्दी-खोकल्याच्या सिरपने गुंगी येते हे घराघरात माहीत आहे, आणि ‘आज एक चमचा दे, सगळ्यांना झोप मिळेल’ असे ठरते. हे थांबायला हवे. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावले आहे. शिवाय अशा औषधांनी काही मुले झोपण्याऐवजी उलट चेकाळतात. मेलॅटोनिनच्या गोड गोळ्याही आता सहज मागवता येतात. अमेरिकेत २०२३ मध्ये अशा २५ उत्पादनांची तपासणी झाली, त्यातल्या २२ मध्ये लेबलवरचे प्रमाण चुकीचे निघाले. एकात तर मेलॅटोनिन अजिबात नव्हते आणि प्रमाण लिहिल्याच्या तिपटीहूनही वरपर्यंत गेलेले आढळले. मेलॅटोनिनला वैद्यकात जागा आहे, पण घरची संध्याकाळ बदलून पाहिल्यावर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

सगळ्यात जड आक्षेप आईचा आहे, आणि तो मला सर्वात खरा वाटतो. नोकरी, स्वयंपाक, सासूसासरे, वन-बीएचकेतला एकच टीव्ही, आणि त्यात हा वेळापत्रकाचा पसारा. अपयश आले की बोलही तिलाच. हिस्कॉक यांच्या चाचणीत मुले सुधारली, पण पालकांच्या मानसिक आरोग्यात फरक दिसला नाही, हे विसरता येत नाही. म्हणूनच हे काम एकट्या आईचे ठरवले तर ते फसेल. रात्री नऊनंतर टीव्हीचा आवाज बंद करणे हे आजोबांचे काम आहे. ट्यूब मालवून कोपऱ्यातला पिवळा दिवा लावणे आणि जेवण अर्धा तास अलीकडे आणणे घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचे. मध्यरात्रीची पाळी वडिलांनी घ्यावी, निदान एक दिवसाआड. पहिले आठ-दहा दिवस मूल अधिक रडते, अधिक उठते, आणि नेमक्या तेव्हाच ‘कशाला छळता त्याला’ म्हणून घर माघार घेते. ते दिवस येणार हे आधीच सांगितलेले असले, तर निभावतात.

काही गोष्टी मात्र घराच्या हाताबाहेर आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुले तपासतात. मूल रोज घोरते का आणि रात्री कितीला झोपते, हे दोन प्रश्न त्या तपासणीत प्रत्येक मुलाबद्दल विचारले जावेत. त्याला वेगळा खर्च नाही. आणि शाळेच्या वेळेचा प्रश्न आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला, तेव्हा बसच्या फेऱ्या आणि दोन पाळ्यांची अडचण पुढे आली. अडचण खोटी नाही, पण तिच्या दुसऱ्या बाजूचे गणितही मांडायला हवे. पाच वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत किमान दहा तास झोप हवी. बस सहा-वीसला येणार म्हणून ते पावणेसहाला उठणार असेल, तर आदल्या रात्री पावणेआठला त्याला गाढ झोप लागलेली हवी. वेळेवर झोप न लागणाऱ्या एडीएचडीच्या मुलाचे शरीर अनेकदा साडेनऊच्या आत झोपायला तयार नसते. हा पावणेदोन तासांचा फरक रोज सकाळी त्याच्या झोपेतून वसूल होतो, आणि दहाच्या सुमारास वर्गातून तक्रार येते की मूल जागेवर बसत नाही.