निवडणूक चित्रीकरणाची थकबाकी आणि अशक्य मुदती : चौथे निवेदन

दिनांक : 20 जानेवारी 2026

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी (निविदा व देयके)

विषय : निवडणुकीचे चित्रीकरण करणाऱ्या फ्रीलान्स व्हिडिओग्राफरांची थकबाकी व कामाच्या मुदतींबाबत.

संदर्भ : आमची जुलै 2024, जानेवारी 2025 व सप्टेंबर 2025 ची निवेदने. लेखी उत्तर अप्राप्त.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे अमरावती व अकोला जिल्ह्यांतील व्हिडिओग्राफर आहोत. एरवी लग्ने, बारशी, वास्तुपूजनांवर आमचे घर चालते. निवडणूक लागली की भरारी पथक, तपासणी नाके, जाहीर सभा, स्ट्राँग रूम आणि मतमोजणी येथे आम्ही आपल्या कामावर असतो. परवा 16 तारखेला महापालिकेच्या मतमोजणीतही कॅमेरे आमचेच होते. करार मुख्य कंत्राटदाराशी आहे, आमच्याशी नाही, हे पहिल्या निवेदनापासून ऐकतो आहोत. नियम आपणांस ठाऊक आहेत; ते येथे उतरवत नाही.

1. थकबाकी

26 एप्रिल 2024 च्या लोकसभा मतदानाचे पैसे आमच्यापैकी अनेकांना अजून पूर्ण मिळालेले नाहीत. आधी सांगितले, 4 जूनची मतमोजणी होऊ द्या. मग, खर्चाचा हिशेब जुळू द्या. मग विधानसभेची आचारसंहिता लागली. 23 नोव्हेंबरला निकाल लागला, तेव्हा "मार्चअखेर नक्की" असा शब्द मिळाला. त्या मार्चअखेरीला आता दहावा महिना लागतो आहे.

ही रक्कम आपल्या हिशेबात किरकोळ असेल. आमचा एक सहकारी बहिरमच्या नाक्यावर रात्रपाळीला होता. त्यासाठी त्याने दोन लग्नांचा बयाणा परत केला. त्या वर्षी एप्रिल संपता संपता शुक्राचा अस्त लागला आणि मे-जूनमध्ये मुहूर्त जवळपास नव्हतेच. हंगामाचे जे थोडे दिवस हाती होते, तेच नाक्यावर गेले. कॅमेऱ्याचा हप्ता मात्र दर महिन्याला खात्यातून कटतो. वरचे बिल निघाले की नाही, हे बँक विचारत नाही.

कंत्राटदार म्हणतो, "साहेबांकडून बिलच निघालं नाही." आपल्या टेबलावर सांगतात, "बिल केव्हाच अदा झालं." दोन्ही खरे असू शकत नाही. कोणते खरे, ते आपल्या फाइलमध्ये एका ओळीत लिहिलेले असणार. ती एक ओळ आम्ही तीनदा मागितली आहे.

सप्टेंबरात नवीन प्रश्न निघाला : तुम्ही कामावर होता याला पुरावा काय? महोदय, प्रत्येक चित्रीकरणाच्या सुरुवातीला तारीख, वेळ, ठिकाण आणि प्रसंग आम्ही आमच्या आवाजात नोंदवतो. तशी सूचना आपलीच आहे. ते चित्रीकरण आपल्याकडे जमा आहे. यापेक्षा पक्की हजेरी कोणती?

2. मुदती

सभा रात्री दहाला संपते आणि कार्डही रात्री दहालाच जमा करायचे असते. दिवसाच्या तीन सभा, कॅमेरा एक, कॉपी करायला तालुक्याला एकच संगणक. मेळघाटात तर हतरूसारख्या गावातून चित्रीकरण पाठवायला नेटवर्क नाही. अंधारात घाट उतरून धारणी गाठावी लागते. उशीर झाला की त्या दिवसाच्या पैशांत कपात. चित्रीकरणाला तासांची मुदत आणि मोबदल्याला वर्षांचीही नाही, हे आपणांस योग्य वाटते काय? "मुदतीचा विचार करू" हे जानेवारी 2025 मध्ये तोंडी सांगण्यात आले होते. विचार चालू असावा.

3. रद्द झालेले काम

मार्च 2024 मध्ये अकोला पश्चिमची पोटनिवडणूक उच्च न्यायालयाने रद्द केली. गेल्या वर्षी नगरपरिषदांच्या निवडणुकीच्या वेळी बाळापूर व अंजनगाव सुर्जीचे मतदान ऐन तोंडावर 2 डिसेंबरवरून 20 डिसेंबरला गेले. इतर ठिकाणची मतमोजणीही 21 डिसेंबरवर ढकलली गेली. त्यात आपला दोष नाही, पण आमचाही नाही. अडवून ठेवलेल्या तारखांचे काहीच मिळाले नाही.

मागण्या

1. लोकसभा 2024 पासूनच्या कामांची बिले कंत्राटदाराला कोणत्या तारखेला व किती अदा झाली, हे लेखी द्यावे.
2. जमा चित्रीकरणावरून हजेरी काढून थकबाकी अदा करवावी; ती चुकती होईपर्यंत संबंधित कंत्राटदाराची अनामत सोडू नये.
3. पुढील निविदेत व्हिडिओग्राफरचे पैसे थेट त्याच्या बँक खात्यात जाण्याची अट असावी.
4. कार्ड जमा करण्याची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा करावी; मेळघाटासाठी सायंकाळ.
5. दोन दिवस आधी न कळवता काम रद्द झाल्यास निम्मा मोबदला मिळावा.
6. नाक्यावर पिण्याचे पाणी व रात्री बसायला जागा असावी.

जिल्हा परिषदेची निवडणूक केव्हाही लागेल आणि "उद्या सकाळी सहाला या" असे फोन येतील. 15 फेब्रुवारीपर्यंत पहिल्या दोन मागण्यांवर लेखी उत्तर न आल्यास आम्ही त्या कामाला उपलब्ध राहणार नाही. आपणांस दुसरी व्यवस्था करता यावी म्हणून हे सव्वीस दिवस आधी कळवत आहोत. आम्हाला इतक्या आधी कोणी काही कळवल्याचे स्मरत नाही.

कळावे,

आपले विश्वासू,
अमरावती व अकोला जिल्ह्यांतील व्हिडिओग्राफर
(सह्यांची यादी व आधीच्या तिन्ही निवेदनांच्या पोचपावत्यांच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत.)